माणशी एक

पायाखालची धूळ मऊ आहे. दिवसभर तापलेली, अजून कोमट. जुलै १८४६ मधली संध्याकाळ, अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं काँकर्ड नावाचं गाव. तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे आहात आणि समोरून एक माणूस येतोय. वय २९, उंची बेताची, नाक मोठं, कपडे साधे. गावापासून दीडेक मैलावर वॉल्डन नावाचं तळं आहे. तिथे काठावर स्वतःच्या हातांनी बांधलेल्या एका खोलीच्या घरात तो गेलं वर्षभर राहतोय. आज गावात आलाय तो दुरुस्तीला टाकलेला जोडा न्यायला. हा हेन्री डेव्हिड थोरो. वडिलांचा पेन्सिली बनवण्याचा धंदा, त्यामुळे गावात त्याला सगळेच ओळखतात.

त्याला अडवणारा माणूसही ओळखीचाच आहे. सॅम स्टेपल्स. कर वसूल करायचा, न देणाऱ्याला धरायचं आणि धरलेल्याला कुलपात ठेवायचं, ही सगळी कामं गावाने त्याच्या एकट्याच्या गळ्यात घातली आहेत. थोरोने काही वर्षांची डोईपट्टी भरलेली नाही. डोईपट्टी म्हणजे माणशी कर. जमीन असो नसो, धंदा असो नसो, खांद्यावर डोकं आहे म्हणून द्यायचे वर्षाला दीडेक डॉलर. स्टेपल्स भला माणूस आहे. पैशांची अडचण असेल तर तुझ्या वतीने मी भरतो, असंही तो सुचवून पाहतो. थोरो नको म्हणतो. मग बाजारातून घरी परतणाऱ्या शेजाऱ्यांसारखे ते दोघं तुरुंगाच्या दिशेने चालू लागतात, आणि त्यांच्या मागोमाग तुम्ही.

तुरुंग ग्रॅनाइटचा आहे, तीन मजली. भिंती दोन-तीन फूट जाड. लाकूड आणि लोखंडाचं दार फूटभर जाडीचं. आत चुन्याने पांढरीशुभ्र केलेली कोठडी, आणि तिच्यात आधीपासून राहणारा एक कैदी. धान्याचं कोठार जाळल्याचा आळ आहे त्याच्यावर. तीन महिने झाले, खटला अजून उभा राहिलेला नाही. तुम्हाला आत जाता येत नाही, तर खिडकीखाली थांबा आणि कान द्या. शेजारच्या खानावळीच्या स्वयंपाकघरातली भांड्यांची आदळआपट ऐकू येते. गावचं घड्याळ टोले देतं. ज्या गावात थोरो जन्मला त्या गावाचे हे आवाज त्याने इतक्या आतून पूर्वी कधी ऐकले नव्हते, असं तो पुढे लिहिणार आहे.

एवढ्याशा पैशांसाठी ही रात्र का? १३ मे रोजी अमेरिकेने मेक्सिकोशी युद्ध जाहीर केलंय. काँकर्डपासून मेक्सिकोची सीमा हजारो मैल दूर. इथल्या शेतकऱ्याने मेक्सिकन माणूस जन्मात पाहिलेला नाही. पण या युद्धातून जो मुलूख हाती येईल त्यात गुलामगिरी पसरणार, हे न्यू इंग्लंडमधल्या गुलामगिरीविरोधकांना स्वच्छ दिसतंय. थोरोची आई आणि बहिणी गावातल्या गुलामगिरीविरोधी महिला मंडळात आहेत. त्याच्या घरात हा विषय रोजच्या जेवणासारखा आहे. सरकार माझ्या नावाने, माझ्या पैशाने दूरच्या एका अनोळखी माणसावर बंदूक रोखणार असेल, तर त्यात माझं नाव नको, एवढंच त्याचं म्हणणं.

रात्री कुणीतरी येऊन त्याचा कर भरून जातं. बहुतेक त्याची मावशी किंवा आत्या असावी, असं गावकरी नंतर बोलत राहिले. पैसे स्टेपल्सच्या मुलीच्या हाती पडतात. पण तोवर स्टेपल्सने पायातले बूट काढलेले असतात. आता कोण पुन्हा बूट चढवून जाणार, म्हणून तो सुटका सकाळवर ढकलतो. अमेरिकन व्यक्तिवादाच्या इतिहासातली सर्वांत प्रसिद्ध रात्र एका दमलेल्या माणसाने बूट काढल्यामुळे घडली, हे मला फार जवळचं वाटतं. मोठ्या गोष्टींच्या मुळाशी असे थकलेले पाय असतात.

सकाळी दारातल्या फटीतून पत्र्याचे चौकोनी थाळे सरकवले जातात. आत चॉकलेटचं गरम पेय, तपकिरी ब्रेड, लोखंडी चमचा. थोरो उरलेला ब्रेड परत करायला निघतो, तेव्हा सोबतचा कैदी तो पटकन ओढून घेतो आणि दुपारसाठी ठेवायला सांगतो. मग सुटका. थोरो चिडलेला आहे, त्याला बाहेर यायचं नव्हतं. मोच्याकडे जाऊन तो जोडा घेतो, पायात घालतो आणि गावातल्या मंडळींबरोबर हकलबेरीची फळं वेचायला टेकडीवर निघून जातो.

दीड वर्षाने, २६ जानेवारी १८४८ रोजी, व्यक्तीचं सरकारशी नातं काय या विषयावर तो गावच्या व्याख्यानमालेत बोलेल. त्यानंतर आठवडाभरात, २ फेब्रुवारीला, मेक्सिको पराभवाच्या करारावर सही करेल आणि १ कोटी ५० लाख डॉलरच्या बदल्यात कॅलिफोर्नियासकट उत्तरेकडचा प्रचंड मुलूख सोडून देईल. म्हणजे थोरोच्या त्या रात्रीने युद्ध एका तासानेही लवकर थांबलं नाही. पण ते व्याख्यान छापलं गेलं, आणि १९०७ साली दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी आपल्या ‘इंडियन ओपिनियन’मध्ये त्याचा सारांश दिला. कोणत्याही वकिलातीवाचून, कोणत्याही गलबताच्या तोफेवाचून अमेरिकेतून बाहेर गेलेली ही गोष्ट.

निघण्याआधी त्याच गावातल्या एका पांढऱ्या घराकडे बघून घ्या. तिथे राल्फ वाल्डो एमर्सन राहतो, थोरोचा थोरला मित्र. वॉल्डनकाठची ती जागा त्याच्याच मालकीची. पाच वर्षांपूर्वी, १८४१ मध्ये, त्याने स्वावलंबनावर एक निबंध प्रसिद्ध केलाय. थोरोचं हे तुरुंगात जाणं त्याला रुचलेलं नाही. एकाच गावात, हाकेच्या अंतरावर, एकाच कल्पनेला दोन फांद्या फुटताना तुम्ही पाहताय. एक फांदी म्हणते, मी तुमच्या अन्यायात सामील नाही. हे माणूस स्वतःला उद्देशून म्हणतो आणि त्याची किंमतही स्वतः मोजतो. दुसरी म्हणते, आपल्या पायावर उभा राहा. एमर्सनने तेही स्वतःलाच आणि आपल्यासारख्या वाचकालाच उद्देशून लिहिलं होतं. ते वाक्य पुढे कुणाच्या तोंडून, कुणाला ऐकवलं जाणार, हे त्याला कुठून ठाऊक असणार.

तो लोखंडी चमचा हातात असू द्या.

आता थंडी. अशी थंडी की श्वास घेताना नाकातले केस ताठ होतात. फेब्रुवारी १९२२, व्होल्गा नदीच्या काठचा समारा प्रांत. गावातल्या घरांवर छप्परं नाहीत. छपरांचं गवत उतरवून जनावरांना घातलं, मग जनावरं संपली, आणि आता घरांच्या फासळ्यांसारखे नुसते वासे आकाशात उभे आहेत. दोन वर्षांचा दुष्काळ, त्याआधी यादवी युद्ध, आणि त्या काळात बियाण्यासकट धान्य उचलून नेणारी सरकारी पथकं. लोक रानटी भाज्यांच्या बिया, झाडांच्या साली आणि ओकची फळं दळून त्यात मूठभर पीठ मिसळतात आणि त्याला भाकरी म्हणतात. या दुष्काळात सुमारे ५० लाख माणसं मेली.

तुम्ही शाळेच्या एका खोलीत उभे आहात. समोर मोठी कढई, हातात चमच्याच्या जागी लांब दांड्याचा डाव. तुम्ही या गावचेच, आणि ‘आरा’ने तुम्हाला वाढपी म्हणून नेमलंय. ‘आरा’ म्हणजे अमेरिकन रिलीफ ॲडमिनिस्ट्रेशन, अमेरिकेची मदतसंस्था. तिचे अमेरिकन लोक सगळ्या रशियात मिळून दोन-तीनशेच आहेत. बाकी सव्वा लाखाच्या आसपास तुमच्यासारखेच स्थानिक. पोरं रांगेत येतात, प्रत्येकाच्या हातात एक कार्ड. कढईत भात आणि बीन्स, बाजूला पांढरा पाव, आणि साखर घातलेला, डब्याच्या दुधाचा कोको. एका पोराच्या पायांना सूज आहे. तो दोन्ही हातांनी मग धरतो आणि आधी नुसता वास घेतो.

नियम कडक आहे. जेवण इथेच, तुमच्या डोळ्यांसमोर. घरी न्यायचं नाही. कारण घरी नेलं की ते आईबापांत, आजीत, भावंडांत वाटलं जातं आणि ज्याच्या नावाचं कार्ड त्याच्या पोटात घासभरही जात नाही. मोजणी मुलागणिक आहे. या पोराच्या वाट्याचं या पोरालाच. एका बहिणीच्या हाती कार्ड आहे आणि धाकट्या भावाच्या नाही, कारण गावाला जितकी कार्डं मिळाली ती कधीच संपली. ती पावाचा तुकडा बाहीत लपवते. ते तुम्हाला दिसतं. तुम्ही काय करणार आहात? मी इथे उभा असतो तर मान फिरवली असती, आणि नंतर रात्रभर कढईतले डाव मोजत जागा राहिलो असतो.

या स्वयंपाकघरामागे एक माणूस आहे, हर्बर्ट हूवर. आयोवा राज्यातल्या वेस्ट ब्रँच या खेड्यात १८७४ मध्ये जन्म. सहाव्या वर्षी वडील गेले, नवव्या वर्षी आई. मामाकडे वाढला, खाणींचा इंजिनियर झाला, ऑस्ट्रेलिया-चीनमध्ये पैसा मिळवला आणि पहिल्या महायुद्धात जर्मनांनी व्यापलेल्या बेल्जियमला धान्य पुरवण्याची प्रचंड यंत्रणा उभी केली. बोल्शेविकांचा त्याला मनापासून तिटकारा. तरी १९२१ च्या जुलैत मॅक्सिम गॉर्कीने जगाकडे हात पसरला तेव्हा हूवरनेच उत्तर दिलं. २० ऑगस्टला रीगामध्ये करार झाला. रशियाच्या कैदेतल्या अमेरिकनांना आधी सोडा, अन्न कुणाला द्यायचं ते आमची माणसं ठरवतील, आणि वंश, धर्म, सामाजिक दर्जा काहीही न पाहता द्यायचं, या त्याच्या अटी होत्या. लेनिनच्या माणसांना संशय होता की अन्नाच्या आडून राज्य उलथायचा डाव आहे. तो सर्वस्वी निराधार नव्हता. भुकेल्याला अन्न मिळालं की त्याचं डोकं ताळ्यावर येईल, असं हूवरला वाटत होतंच. शिवाय अमेरिकेत मक्याचे भाव कोसळले होते, शेतकऱ्याकडचा मका कुठेतरी जायला हवा होता. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकन काँग्रेसने २ कोटी डॉलर मंजूर केले, त्यात ही गणितंही होती. तरीही ऑगस्ट १९२२ पर्यंत रोज १ कोटीहून जास्त माणसं त्या अन्नावर जगत होती. हेतूंचा हिशेब खुशाल मांडावा, पण तो मगाचा वास घेणारा पोरगा त्या हिशेबात धरून मांडावा.

आणखी एक गोष्ट या गावात पोचते, ती जरूर पाहा. अमेरिकेतला कुणीही १० डॉलर भरून रशियातल्या एका ठरावीक माणसाच्या नावाने अन्नाचं गाठोडं पाठवू शकतो. ४९ पौंड पीठ, २५ पौंड तांदूळ, ३ पौंड चहा, १० पौंड साखर, १० पौंड चरबी, दुधाचे २० डबे. न्यूयॉर्कच्या शिलाई कारखान्यात राबणारा एक माणूस मागे राहिलेल्या बहिणीचं नाव लिहितो, आणि काही आठवड्यांनी ती बहीण गोदामात येऊन सही करते. मधे दोन सरकारं आहेत, ज्यांची एकमेकांना मान्यतासुद्धा नाही. परराष्ट्र धोरणात व्यक्ती केंद्रस्थानी ठेवायची म्हणजे काय, या प्रश्नाचं याहून नेमकं उत्तर मला तरी इतिहासात सापडलेलं नाही. त्याच वर्षी, १९२२ मध्ये, हूवरने ‘अमेरिकन इंडिव्हिज्युअॅलिझम’ नावाचं छोटं पुस्तक काढलं. त्याच्या मते हे स्वयंपाकघर आणि ते पुस्तक एकच गोष्ट सांगत होते.

न्यूयॉर्कमध्ये फार वेळ घालवू नका. २२ ऑक्टोबर १९२८, मॅडिसन स्क्वेअर गार्डनची प्रचंड सभा, सिगारचा धूर, रेडिओचे मायक्रोफोन. ताठ कॉलर घातलेला हूवर कागदावरून एकसुरी वाचतोय. अध्यक्षपदाचा उमेदवार आहे तो. महायुद्धात सरकारच्या हाती आलेली सत्ता पुन्हा लोकांकडे द्यायची, की युरोपसारखं सरकारने माणसाचं पालक व्हायचं, अशी निवड तो देशापुढे ठेवतो, आणि अमेरिकेच्या परंपरेला कणखर व्यक्तिवाद असं नाव देतो. टाळ्या पडतात. दोन आठवड्यांत तो ८७ विरुद्ध ४४४ इलेक्टोरल मतांनी निवडून येईल. सभागृहातल्या प्रत्येकाकडे काम आहे आणि कामाचा पगार आहे. या टाळ्या ऐकताना तेवढं ध्यानात असू द्या.

३ जानेवारी १९३१, शनिवार. आर्कान्सॉ राज्यात इंग्लंड नावाचं एक छोटं गाव आहे. कापसाचा मुलूख. तुम्ही इथले खंडकरी शेतकरी आहात. गेल्या उन्हाळ्यात पाऊस पडलाच नाही, बोंडं झाडावरच करपली. बँका बुडाल्या आहेत, दुकानदार उधार देईनासा झालाय. तुमच्या हातात आता चमचा नाही, डाव नाही. तुम्ही गावात आलाय ते रेड क्रॉसकडून मदत घ्यायला, आणि तिथला माणूस सांगतो की फॉर्म संपलेत. फॉर्म नाही म्हणजे अन्न नाही. मदतीचा अर्ज ज्या कागदावर भरायचा, तो कागदच संपलाय.

बाहेर माणसं जमत जातात. काही शे. काहींच्या अंगरख्याखाली बंदुका आहेत. कुणी ओरडत नाही. दुकानदारांना सांगितलं जातं, आमची पोरं उपाशी आहेत, मागून मिळत नसेल तर आम्ही घेऊ. दुकानदार टेलिफोनवर धावतात, रेड क्रॉसकडून भरपाईचा शब्द मिळवतात आणि मग पीठ, चरबी, बटाटे वाटले जातात. एकही दुकान फुटत नाही. दुसऱ्या दिवशी देशभरच्या वर्तमानपत्रांत या गावाचं नाव येतं.

हूवर या भागाला परका नाही. १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरात याच राज्यात त्याने बचावाचं काम चालवलं होतं. आणि आत्ता, दोनच आठवड्यांपूर्वी, डिसेंबर १९३० मध्ये, दुष्काळी शेतकऱ्यांसाठी ४ कोटी ५० लाख डॉलरच्या कर्जाचा कायदा झालाय. त्यातून बियाणं घेता येतं, खत घेता येतं, खेचरांना वैरण घेता येते. माणसाला खायला मात्र काही घेता येत नाही. हे विसरून राहिलेलं नव्हतं, वाद घालून ठरवलेलं होतं. जनावराला कर्जाने चारा दिला तर जनावराचा स्वाभिमान जात नाही. माणसाला वॉशिंग्टनमधून अन्न दिलं तर त्याचं चारित्र्य खचतं, शेजाऱ्याची दानत आटते, आणि मग सरकार प्रत्येक ताटात हात घालायला मोकळं होतं, अशी हूवरची धारणा होती. तो निर्दय नव्हता. अनाथपण भोगलेला माणूस होता. वेळ पडलीच तर सरकारी तिजोरी उघडू, असंही त्याने फेब्रुवारीत सांगितलं. पण सिनेटमध्ये त्याला विचारलं जात होतं, बेल्जियन आणि रशियन पोराला सरकारी पैशाने जेवू घातलंत, तेव्हा त्यांचं चारित्र्य खचलं का?

तुम्ही या प्रश्नाचं उत्तर द्यायला सर्वांत लायक आहात, कारण तुम्ही त्या शाळेत उभे होता. समाऱ्यात कुणी पोराला विचारलं नाही की तू स्वतःसाठी काय केलंस. तो भुकेला होता आणि एक होता, एवढं पुरे होतं. घराजवळ आल्यावर त्याच माणसाला व्यक्ती दिसेनाशी झाली आणि व्यक्तीबद्दलचं तत्त्व दिसायला लागलं. दीड वर्षाने, जुलै १९३२ मध्ये, महायुद्धातले बेकार माजी सैनिक आपला बोनस मागायला वॉशिंग्टनला जमले, तेव्हा त्यांच्या झोपड्यांवर लष्कराचे रणगाडे आणि अश्रुधूर धावून गेले. त्या आगीकडे मी तुम्हाला नेत नाही. तिथे जे घडलं त्याची पायरी इंग्लंड गावात, संपलेल्या फॉर्मपाशीच रचली गेली होती.

याच दिवसांत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातला म्हातारा प्राध्यापक जॉन ड्यूई एक पुस्तक काढतो, जुना व्यक्तिवाद आणि नवा. १९३० साल. जंगल तोडून एकट्याने घर उभारणाऱ्याचा व्यक्तिवाद कारखान्यांच्या आणि महामंडळांच्या युगात पोकळ झालाय, माणसाला व्यक्ती म्हणून उभं राहायचं असेल तर त्याच्या भोवतालचं जगणं बदलावं लागेल, असं त्याचं म्हणणं. १९१३ ते १९१६ या काळात त्याच्या वर्गात एक मराठी विद्यार्थी बसत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना त्यांनी समाधानाने सांगितलं की या मसुद्याने खेडं बाजूला ठेवून व्यक्ती हा घटक मानलाय. ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवलं त्याच्यासाठी व्यक्ती या शब्दाचा अर्थ मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या टाळ्यांतल्या अर्थाहून फार निराळा होता. ड्यूईला तो अर्थ कळला असता. हूवरला कळला असता का, याची मला खात्री वाटत नाही.

आता पुणं. नोव्हेंबर १९६६, दिवाळी होऊन गेलीय, सकाळचा गारवा आहे. कसब्यातल्या रेशन दुकानासमोरच्या रांगेत तुम्ही कापडी पिशवी आणि कार्ड घेऊन उभे आहात. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसाने दगा दिलाय. गेल्या वर्षी पंतप्रधान शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं तेव्हा तुमच्या घरी ते सोडलं गेलं. शास्त्रीजी जानेवारीत ताश्कंदला गेले ते परत आले नाहीत, सोमवार मात्र अजून पाळला जातो. शनिवारवाड्यासमोर मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी दोन वर्षांत महाराष्ट्र धान्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करण्याची, नाहीतर फासावर जाण्याची भाषा केली, तीही तुम्ही ऐकलीय.

या वर्षी देशात सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून येतंय, बहुतेक अमेरिकेतून, पीएल ४८० या कायद्याखाली. १९५४ चा कायदा तो, अमेरिकेतलं शिलकी धान्य रुपयांत विकायचा. गहू येतो आणि येते मिलो, तांबडी ज्वारी. ज्वारी म्हणायला जीभ वळत नाही. भाकरी थापताना कडेला चिरते, तव्यावर तिचा रंग उतरतो, पोरं नाक मुरडतात. गावाबाहेर पांढऱ्या फुलांचं जे नवं गवत माजतंय, तेही या धान्याबरोबरच आलं असं लोक म्हणतात. पण हे धान्य नसतं तर काय झालं असतं, हे रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बिहारमध्ये तर प्रसंग याहून वाईट आहे. या धान्यासाठी मनात कृतज्ञता असावी आणि ती आहे.

मात्र या धान्याच्या बोटी कशा सुटतात ते आता तुम्हाला पाहता येतं, कारण तुम्ही इथवर ज्या वाटेने आलात ती वाट वॉशिंग्टनवरून जाते. अध्यक्ष लिंडन जॉन्सन भारताचं धान्य वर्षाच्या कराराने देत नाही. थोडं थोडं, महिन्या-दोन महिन्यांपुरतं, आणि कितीचा हप्ता कधी सोडायचा ते स्वतः ठरवतो. या धोरणाला त्याच्या लोकांनी दिलेलं नाव मराठीत सांगायचं तर आखूड दावं. जनावराला खुंट्याशी जवळ बांधतात तसं. एक कारण व्हिएतनाम. तिथले बॉम्बहल्ले थांबवा असं भारत जाहीरपणे म्हणतोय, आणि ते जॉन्सनला झोंबलंय. दुसरं कारण त्याहून जुनं आहे, तुमच्या ओळखीचं. भारताने आपल्या पायावर उभं राहायला शिकावं. शेतीत पैसा घाला, खत कारखान्यांना वाट द्या, मग धान्य. जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला, त्यामागेही हाच रेटा होता. आणि आता, नोव्हेंबरमध्ये, अमेरिकेने कायद्यात सुधारणा करून, जो देश स्वतःची मदत करील त्यालाच धान्य, हे तत्त्व लेखी करून टाकलं.

काँकर्डच्या पांढऱ्या घरातलं ते वाक्य एवढ्या वाटेने आलं. आर्कान्सॉमध्ये ते एका कुटुंबाला ऐकवलं गेलं, इथे एका देशाला. त्यात सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही. शेतीकडे दुर्लक्ष झालंच होतं, आणि याच वर्षी आणलेल्या मेक्सिकन गव्हाच्या १८,००० टन बियाण्याने पुढे पंजाबचं शिवार बदललं. पण देश नावाचं काही रांगेत उभं राहत नाही. रांगेत तुमच्या पुढे एक काकू उभ्या आहेत. दावं आवळलं की गळ्याशी काच बसतो तो त्यांच्या घरातल्या धाकट्याला, आणि व्हिएतनामबद्दल दिल्लीत काय बोलायचं ते कुणी त्याला विचारून ठरवलेलं नाही. समाऱ्यात मोजणी मुलागणिक होती. लेनिनच्या राज्यात राहतो म्हणून त्या पोराच्या मगातला कोको कुणी कमी केला नव्हता.

रांग पुढे सरकते. काकू काट्यापाशी पोचतात.

“घरात माणसं किती?” दुकानदार कार्ड उघडतो.

“सहा. लिहिलंय की तिथं.”

तो बोटाने नोंद शोधतो, माप भरतो, तांबडे दाणे पिशवीत ओततो. त्या दाण्यांचा आवाज ज्वारीसारखाच आहे. पिशवी उचलून काकू म्हणतात, “अहो, हे आठवड्याला पुरणार नाही. पुढच्या मंगळवारी गहू मिळेल ना?”

“बोट आली तर मिळेल.”

“कधी यायचीय?”

“ते मला काय ठाऊक, काकू. इथं कुणालाच ठाऊक नाही. चला, पुढचे.”

पुढचे तुम्ही आहात. काट्यावर कार्ड ठेवा.